तुकोबांच्या जगद्गुरुपदाला सनद कोणाची हवी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुकोबारायांच्या नावाआधी ‘जगद्गुरू’ लिहिण्यास हरकत घेणारे पत्र याच स्तंभात वाचले. उपनिषदे, ब्रह्मसूत्रे आणि गीता यांवर भाष्य लिहिणाऱ्या आचार्यांना किंवा त्यांच्या पीठावर रीतसर बसलेल्यांनाच ही पदवी लावता येते. तुकोबांना ती भक्तांनी प्रेमापोटी दिली, म्हणून ती अधिकृत नाही, असा त्या पत्रलेखकांचा मुद्दा आहे. भुदरगड तालुक्यात मी आयुष्यभर मराठी शिकवले आणि घरात माळ वडिलांपासून आहे. मला हा मुद्दा मुळीच मान्य नाही.

पीठावरची गादी रीतसर असते म्हणजे नेमके काय असते? बद्रीनाथजवळचे ज्योतिर्मठ हे शंकराचार्यांचे पीठ दीडशेहून अधिक वर्षे आचार्याविना होते. गुरूने शिष्याला गादी द्यायची ती साखळीच तुटलेली. अखेर 1941 मध्ये ब्रह्मानंद सरस्वतींना तिथे बसवले, ते पंडितांनी आणि धर्मसंस्थांनी विचारविनिमय करून. म्हणजे तिथेही माणसांनीच माणूस निवडला. 1953 मध्ये ते गेले आणि वारसाचा वाद सुरू झाला. तो पुढे कोर्टात गेला. 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने दोन्ही दावेदारांचा हक्क नाकारला. गादी, मठ, जमीनजुमला आहे, तिथे कागद तपासलेच पाहिजेत. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

आमच्या भागातले उदाहरण तर घरचेच. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे पुरोहितांनी वेदमंत्रांनी विधी करण्याचा हक्क नाकारला तेव्हा, राजर्षी शाहूंना जे सोसावे लागले, त्यानंतर 1920 मध्ये त्यांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात क्षात्रजगद्गुरूंचे पीठ स्थापले आणि सदाशिवराव बेनाडीकरांना तिथे नेमले. ते पद राजाच्या हुकमाने निर्माण झाले. पत्रलेखक त्याला अधिकृत म्हणतील की अनधिकृत, हे त्यांनी जरूर सांगावे. पाटगावला जाताना हा प्रश्न मला नेहमी पडतो.

तुकोबांनी कुठली गादी मागितली? त्यांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश झाला तोही स्वप्नात. तिथे ना दीक्षेचा सोहळा, ना साक्षीदार. वाघोलीच्या रामेश्वर भटांसारख्या वेदशास्त्रसंपन्न माणसाने आधी त्यांना विरोध केला. वह्या इंद्रायणीत बुडवायला लागल्या त्या त्यांच्यामुळेच, असे परंपरा सांगते. पुढे याच रामेश्वर भटांनी तुकोबांची आरती रचली, त्यांना सद्गुरू म्हटले आणि आपण त्यांच्या चरणी मस्तक ठेवल्याचे आरतीतच नोंदवले. ती आजही गावोगाव म्हटली जाते. ब्राह्मण कुळातल्या संत बहिणाबाईंनी त्या काळात तुकोबांना गुरू मानले आणि घरच्यांचा रोष पत्करला. विरोध करून शरण आलेला शास्त्री आणि छळ सोसून शिष्य झालेली बाई, याहून भक्कम दाखला कोणते पीठ देणार?

माझे वडील जेमतेम अक्षरओळख असलेले. रोज गाथ्यातले दोन-तीन अभंग बोट ठेवून वाचत आणि अडले की आम्हा मुलांना विचारत. शेतावर भांडण झाले, घरात कोणी गेले, की त्यांना तिथलाच अभंग आठवे. जगायचे कसे हे ज्याने त्यांना शिकवले, त्याला ते जगद्गुरू म्हणत. भाष्याची अट त्यांना कुणी सांगितली असती, तरी त्यांनी ती मानली नसती आणि मीही मानत नाही.

काटेकोरपणा हवाच असेल तर तो जिवंत माणसांबाबत दाखवा. स्वतःच्याच फलकावर स्वतःला जगद्गुरू लिहून घेणारे आणि त्या नावाने देणगीच्या पावत्या फाडणारे आज कमी नाहीत. पद कोणी दिले, कधी दिले, हिशेब कोण तपासतो, हे त्यांना विचारावे. देहूच्या त्या माणसाने आपल्या नावावर पैसा गोळा केला नाही; सावकारीची खतेसुद्धा त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे आम्ही पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो.

बीजेच्या कार्यक्रमांच्या बातम्या आपण छापता, तेव्हा ‘जगद्गुरू संत तुकाराम महाराज’ असेच छापत राहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, गारगोटी (जि. कोल्हापूर)