वाळूखालचे कामकरी दुर्लक्षित

संपादक महोदय,

किनारा वाचवायची चर्चा कासवे, प्रवाळ आणि खारफुटीपलीकडे सहसा जात नाही. वाळूत बिळे करून राहणारे कृमी मात्र कुणाच्या खिजगणतीत नसतात, याची खंत वाटते.

ओहोटीनंतर ओल्या वाळूवर दोरीच्या वेटोळ्यांसारख्या ढिगल्या दिसतात, ती 'लगवर्म' नावाच्या कृमीची विष्ठा. हा प्राणी बिळात बसून वाळू गिळतो, तिच्यातले सेंद्रिय कण पचवतो आणि उरलेली वर टाकतो. शिवाय अंग हलवून बिळात सतत पाणी खेळवतो. प्राणवायू नसलेल्या काळ्या गाळात बिळाभोवतीचा तेवढाच भाग तांबूस दिसतो, तो त्यामुळेच! त्याच्या हिमोग्लोबिनचा एक रेणू प्राणवायूचे 156 रेणू धरू शकतो. आपला फक्त 4. अवयव प्रत्यारोपणासाठी त्यावर संशोधन चालू आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

लांब चोचीचे किनारी पक्षी आणि मासे याच कृमींवर पोसतात. तरीही गळाच्या आमिषासाठी त्यांचा बेसुमार उपसा होतो, वाळूवरून गाड्या फिरतात. किनाऱ्यावरच्या कोणत्याही कामाला परवानगी देण्याआधी वाळूखालच्या जीवांची पाहणी सक्तीची करावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक