जात मोठ्याने न विचारणाऱ्या गुरुजींस

आदरणीय गुरुजी,

सादर प्रणाम.

गेल्या आठवड्यात माझा स्थापत्य अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि मी सर्व विषयांत उत्तीर्ण झाले. हे पत्र खरे तर वर्षभरापूर्वीच लिहायला हवे होते. परंतु लिहायला बसले की जातीच्या पुराव्यासाठी वणवण केलेले त्या पावसाळ्यातले दिवस पुन्हा समोर येत आणि दोन ओळींपलीकडे मजल जात नसे. आपले नाव मी येथे लिहीत नाही. निरोप घेताना आपण म्हणाला होतात की जुनी रजिस्टरे पाहणे हे आपले कामच आहे आणि त्याचा कुठे उल्लेख करू नये. नाव न घेण्याची आपली इच्छा मी पाळते. उल्लेख न करण्याची मात्र मला पाळता आली नाही, त्याबद्दल क्षमा असावी.

भटक्या जमाती प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जातीचा दाखला पुरत नाही, तो दाखला खरा असल्याचे पडताळणी समितीचे जातवैधता प्रमाणपत्र लागते, आणि त्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो, हे आपल्याला ठाऊकच आहे. मला ते बारावीच्या परीक्षेनंतर कळले. ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी दोन वर्षे विज्ञान शाखेत शिकले, तेथून अकरावी-बारावीतच हा अर्ज करता येतो, ही गोष्ट आम्हाला वर्गात एकदाही कोणी समजावून सांगितली नाही. नंतर विचारले असता, सूचना फलकावर लावली होती, असे उत्तर मिळाले. ज्या घरात फलक वाचायला शिकलेली मीच पहिली, त्या घराला त्या सूचनेचा अर्थ कोण सांगणार होते? दोन मिनिटांचे काम होते. ते झाले असते तर माझ्या वडिलांचे अडीच महिने आणि त्या महिन्यांची मजुरी वाचली असती.

पुढे जे झाले ते थोडक्यात सांगते. एका कार्यालयात आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला मागितला. आजोबा शाळेत गेले नव्हते. मग त्यांचा जन्माचा उतारा मागितला. जन्म पालावर झालेला, आणि पाल त्या दिवशी कोणत्या गावाच्या हद्दीत होते हे सांगणारे आता कोणी उरलेले नाही. तेव्हा खिडकीपलीकडून ऐकू आले, ‘तुमच्याकडे कागद नाहीत, हा आमचा प्रश्न नाही.’ बाहेर उभ्या असलेल्या एका माणसाने पैसे दिल्यास कागद ‘तयार’ करून देण्याची तयारी दाखवली. वडिलांनी त्याला हात जोडले आणि तेथून निघाले. त्या दिवशी वडिलांबद्दल जे वाटले ते मी त्यांना अजून सांगितलेले नाही.

पडताळणीच नको, असे मी म्हणत नाही, गुरुजी. खोटे दाखले दाखवून दुसऱ्यांच्या हक्काच्या जागा बळकावणारे होते, म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली पडताळणी समित्या आणि दक्षता पथके यांविषयी निर्देश दिले आणि त्यानंतर राज्याने त्यासाठी कायदा केला. त्या कायद्याप्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर असते. परंतु ज्या भटकेपणामुळे आम्हाला सवलत दिली गेली त्याच भटकेपणामुळे आमच्याजवळ कागद नाहीत, हे समजून घेऊन बोलणारा माणूस त्या अडीच महिन्यांत आपल्याखेरीज मला भेटला नाही. आमच्या भटक्या जमाती (ब) प्रवर्गाच्या वाट्याला शंभरात अडीच जागा येतात. त्या अडीच जागांच्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी किती दारांवर हात जोडावे लागतात, याचा हिशोब कोठेही मांडलेला नसतो.

आपल्या शाळेत आम्ही आलो ते केवळ आजोबांच्या धाकट्या भावाच्या आठवणीवर. लहानपणी एका नदीकाठच्या गावी काही महिने शाळेत बसवले होते, एवढेच त्यांना सांगता येत होते. गावाचे नाव आठवत होते, साल आठवत नव्हते. त्या दिवशी आपल्या कार्यालयात गावातली चार-पाच माणसे बसलेली होती. आम्ही दाराशी उभे राहिलो आणि वडिलांनी सवयीने पायातल्या चपला बाहेरच काढल्या. आपण त्यांना आत बोलावून खुर्ची दिलीत, काम विचारलेत, आणि मी ‘जातीचा पुरावा’ हे शब्द उच्चारताच टेबलावरचा एक कोरा कागद आणि पेन माझ्याकडे सरकवून म्हणालात, ‘नाव, वडिलांचे नाव आणि बाकी काय शोधायचे ते यावर लिहून दे, बाळ.’

माझे खरे आभार त्या कागदासाठी आहेत. रजिस्टर त्यानंतर आले. तोवर प्रत्येक खिडकीवर आमची जात मोठ्याने विचारली गेली होती, आणि ती आम्ही सांगितल्यावर पुन्हा मोठ्याने उच्चारली गेली होती, मागच्या रांगेतल्या सर्वांना ऐकू जाईल अशी. एके ठिकाणी ती ऐकून रांगेतल्या एका बाईंनी आपली पिशवी दुसऱ्या हातात घेतली. वडिलांनी ते पाहिले आणि पाहिले नाही असे दाखवले. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही असेलच असे नाही. त्यांच्यासाठी तो अर्जातला एक रकाना होता. पण माणूस समोर उभा असताना त्याच्याकडे रकाना म्हणून पाहायचे की माणूस म्हणून, हे ठरवायला कोणताही शासन निर्णय लागत नाही. आपण ते क्षणात ठरवलेत, आणि तेही असे की खोलीत बसलेल्या एकाच्याही लक्षात आले नाही. वडिलांना वाचता येत नाही, पण त्या कागदाचा अर्थ त्यांना माझ्या आधी कळला. परतीच्या एस. टी.त ते बराच वेळ गप्प होते आणि मग म्हणाले, ‘गुरुजींनी आपली अब्रू राखली.’ नोंद सापडल्याबद्दल ते त्यानंतर बोलले.

जिल्हा परिषदा आल्या १९६२ साली. आपण लोखंडी कपाटातून काढलेली दाखल-खारीज रजिस्टरे, म्हणजे मुलांची नावे शाळेत घातल्या-काढल्याच्या नोंदी, त्याआधीची होती. पानांच्या कडा वाळवीने खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. आमच्या माणसांची आडनावे तेव्हा लिहिली जात नसत, त्यामुळे मुलाचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावरून एकेक ओळ पाहावी लागणार होती. शाळा सुटल्यावर आपण सुरुवात केलीत आणि दिवे लागले तरी उठला नाहीत. १९५८ सालच्या रजिस्टरात ती ओळ आली तेव्हा आपण ती वाचून दाखवली नाहीत. रजिस्टर आमच्याकडे फिरवून ओळीखाली पट्टी धरलीत आणि आम्ही पाहीपर्यंत थांबलात. नाव होते, पणजोबांचे नाव होते, जात होती, आणि शेरा होता: ‘पालकांनी गाव सोडल्याने नाव कमी केले.’

ज्या गाव सोडण्याने चुलत आजोबांची शाळा सुटली त्याचीच नोंद साठ-पासष्ट वर्षांनी माझ्या प्रवेशाला आधार ठरली, हा विचार अजूनही मला शांत बसू देत नाही. पुढचे सर्व, वंशावळीचे शपथपत्र, समितीपुढची सुनावणी, हे त्या एका ओळीच्या बळावर पार पडले. मुदत संपण्याच्या चार दिवस आधी वैधता प्रमाणपत्र हाती आले आणि माझी जागा खुल्या प्रवर्गात वर्ग होण्यापासून वाचली.

ज्यांची जागा वाचली नाही त्यांचाही विचार मनात येतो. माझ्याबरोबर त्याच कार्यालयाच्या पायऱ्यांवर बसणारी एक मुलगी होती, गुणांनी माझ्यापेक्षा सरस. तिच्या घराण्यातले कोणीच कधी शाळेत गेले नव्हते, त्यामुळे शोधायला शाळाच नव्हती. नियमात गृहचौकशीची, म्हणजे घरी येऊन चौकशी करण्याची, तरतूद आहे, परंतु त्या चौकशीचा अहवाल येईपर्यंत मुदत संपली. खुल्या प्रवर्गाच्या शुल्काचा आकडा ऐकून तिच्या वडिलांनी प्रवेश रद्द केला. तिला त्या वेळी एखादा सज्जन अधिकारी भेटला असता, ज्याने अहवाल आठ दिवस आधी पाठवला असता, तर आज ती माझ्या शेजारच्या बाकावर असती. म्हणूनच चांगुलपणाला योगायोग म्हणण्याची माझी तयारी नाही. आपल्याला त्या संध्याकाळी घरी जाता आले असते, उद्या या असे सांगता आले असते, आणि त्यात कोणी आपली चूक काढली नसती.

आपण दिलेल्या साक्षांकित उताऱ्याची एक प्रत मी चुलत आजोबांना नेऊन दिली. मी ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी आपल्या नावाच्या जागी बोट ठेवून घेतले आणि बराच वेळ उचलले नाही. मग त्यांनी विचारले की तेव्हाच्या मास्तरांचे नाव त्यात आहे का. उताऱ्यात ते नव्हते. मूळ रजिस्टरात कुठे सही असेल तर कळवावे, अशी त्यांची विनंती आहे. त्या मास्तरांनी त्यांना पाटी दिली होती, आणि गाव सोडताना ती परत करायची राहून गेली, असे ते म्हणतात. सुट्टीत मी त्यांना घेऊन आपल्या शाळेत येणार आहे. ती जीर्ण रजिस्टरे स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला मदत हवी असेल तर तेवढे दिवस राहीन.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी
द्वितीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी