फोन रिकामा करण्याआधी

शुक्रवार पेठ, कोल्हापूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता तू सहज सांगितलेस की, फोनमध्ये जागा उरलेली नसल्यामुळे जवळपास दोन हजार फोटो तू पुसून टाकणार आहेस आणि चांगला मोठा कॅमेरा घेईपर्यंत आता फोटोच काढणार नाहीस, कारण फोनवर काढलेले फोटो म्हणजे ‘असेच आपले, उगाच काढलेले’ असतात. तुला कामावर निघायची घाई होती म्हणून मी त्या वेळी काही बोललो नाही. पण ते वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून गेले नाही. फोनवर नीट मांडता आले नसते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ऑगस्ट २०१९ मधला महापूर तुला आठवतच असेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या वेळी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले होते. आपण देव, धान्य, जमिनीची कागदपत्रे माळ्यावर चढवली. अल्बमची ट्रंक मात्र कॉटखालीच राहिली. ती ट्रंक विसरलो तो मीच. पाणी ओसरल्यावर मी आणखी एक चूक केली आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. ओले अल्बम मी जसेच्या तसे गच्चीवर उन्हात वाळत टाकले. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, तो पाण्याने फुगतो आणि वाळताना वरच्या प्लॅस्टिकला चिकटून बसतो. फोटो ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक करून हलक्या हाताने सोडवले असते, तर पुष्कळसे वाचले असते. हे मला कळले तेव्हा उशीर झाला होता. पाने उघडताना चेहरे प्लॅस्टिकबरोबर निघून आले आणि माझ्या हातात पांढरे कागद राहिले.

ते दुःख अजून आहे. मात्र पुढे कित्येक दिवस त्या अल्बममध्ये काय काय होते ते आठवत बसलो, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, आणि तीच मला तुला सांगायची आहे. त्यात लग्ने होती, बारशी होती, वास्तुशांत होती, माझ्या निवृत्तीचा निरोपसमारंभ होता. एका रोलमध्ये ३६ फोटो निघत, धुण्याचे आणि छापण्याचे पैसे वेगळे पडत, त्यामुळे कॅमेरा बाहेर यायचा तो सणासमारंभालाच आणि समोरचा माणूस ताठ उभा राहायचा. तुझी आजी त्या सगळ्या फोटोंत एकसारखीच होती: डोक्यावरून पदर, हात पदराखाली, फ्लॅशमुळे विस्फारलेले डोळे. जी आजी आपण रोज पाहिली ती त्या ट्रंकेत नव्हतीच, त्यामुळे पुरात ती वाहून जायचा प्रश्नही नव्हता.

ती आजी कुठे सापडली, हे तुला माहीत आहे का? तुझ्या पहिल्या फोनमध्ये. २०१० साली, तू सहावीत असताना, माझा जुना २ मेगापिक्सेलचा फोन तुला खेळायला दिला होता. तो माळ्यावरच्या डब्यात पडून होता, म्हणून वाचला. त्यातल्या मेमरी कार्डावर एकूण ५१ फोटो निघाले. निम्मे पंख्याचे आणि मांजराचे आहेत. एक मात्र आजीचा आहे आणि तो मी छापून घेऊन देवघराशेजारी लावला आहे. चैत्र-वैशाखातली चटणीची गडबड चाललेली दिसते. सोप्यात जुनी चादर पसरून त्यावर मिरच्या ओतल्या आहेत आणि आजी देठे काढत बसली आहे. मिरच्यांचा ठसका लागू नये म्हणून पदर नाकातोंडावरून घेऊन मागे खोचला आहे. फोटो तिरका आला आहे, कोपऱ्यात माझे अर्धे पाऊल आले आहे आणि तिचा उजवा हात हलल्यामुळे धूसर झाला आहे. डावा हात मात्र स्वच्छ आहे. त्या हाताच्या तर्जनीचे नख मधोमध दुभंगलेले दिसते. ती लग्न होऊन या घरात आली त्या वर्षी खलबत्त्यात बोट सापडून ते तसे झाले होते आणि पुढे जन्मभर तसेच वाढत राहिले. ते नख मी पन्नास वर्षे पाहिले होते आणि तिला जाऊन पाच वर्षे होत नाहीत तोच पार विसरून गेलो होतो. बाळा, ते मला तुझ्या त्या ‘उगाच’ काढलेल्या फोटोने परत दिले. स्टुडिओतल्या कुठल्याही कसलेल्या माणसाने तिला आधी हात धुऊन, पातळ बदलून यायला सांगितले असते.

आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला आणि ३१ जानेवारीपासून २ फेब्रुवारीपर्यंत होतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन देवीच्या चरणांपासून वर चढत जातात. ढग आले, एखादा दिवस हुकला, तरी पुढच्या खेपेची तारीख आपल्याला ठाऊक असते. आजीच्या त्या बोटांवर दुपारचे ऊन पडले होते, त्याला तारीख नव्हती. ते टिपायला त्या घडीला खिशात असेल तोच कॅमेरा कामाचा, आणि तो फोनचाच असतो.

तू या विषयाची आवड ठेवतोस, म्हणून हेही लिहितो. फोनमधून लगोलग पाठवलेला पहिला फोटो ११ जून १९९७ रोजी अमेरिकेत फिलिप कान यांनी काढला, तो त्यांच्या नुकत्याच जन्मलेल्या मुलीचा. प्रसूतिगृहात बसून त्यांनी एक छोटा डिजिटल कॅमेरा, लॅपटॉप आणि मोबाइल एकमेकांना जोडले आणि तो फोटो दोन हजारांहून अधिक ओळखीच्यांना धाडला. पुढे २००० साली जपानमध्ये शार्प कंपनीचा कॅमेऱ्याचा फोन आला, त्याचे चित्र अवघ्या १ लाख १० हजार ठिपक्यांचे होते; तुझ्या हातातला फोन कोट्यवधी ठिपक्यांचा आहे. म्हणजे या साधनाची सुरुवातच एका बापाने लेकीसाठी केलेल्या धडपडीतून झाली, आणि मला त्याचे फार अप्रूप वाटते. आपल्या गावाचेच पाहा. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्मारकावरून तू रोज शाळेला गेलास. विलायती कॅमेरा मिळेपर्यंत आपले सिनेमा काढणारे बाबूराव पेंटर थांबले नाहीत. आनंदराव पेंटरांबरोबर आरंभलेले काम आनंदराव गेल्यावरही त्यांनी सोडले नाही आणि १९१८ मध्ये इथेच सिनेमाचा कॅमेरा घडवला.

फोनला मर्यादा आहेत, हे मी नाकारत नाही. त्याचा सेन्सर लहान असतो, अंधारात फोटो किरकिरीत येतो, लांबचे ओढून जवळ आणले की तपशील विरघळून जातो. पण यातले पुष्कळसे आपल्या हाताने सावरता येते. गेल्या महिन्यात संध्याकाळी मी गंगावेशीत दूध कट्ट्यावर गेलो होतो. म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास गवळ्याने पुढे केला आणि मी फोटो घेतला, तर मागच्या दिव्यामुळे त्याचा चेहरा काळाठिक्कर आला. मग मी लेन्स सदऱ्याच्या टोकाने पुसली, दोन पावले पुढे गेलो, दिवा चौकटीबाहेर राहील असा जरा बाजूला सरलो आणि स्क्रीनवर त्याच्या चेहऱ्यावर बोट टेकवले. आता त्या फोटोत ग्लासावरचा फेस, त्याच्या मिशीला लागलेला थेंब आणि मागे म्हशीचा एक डोळा, एवढे सगळे आले आहे. त्यासाठी नवीन काही विकत घ्यावे लागले नाही. फोटो घेण्याआधी मी त्याला विचारले होते आणि नंतर दाखवलाही. हे तूही पाळ. काम करणाऱ्या माणसाला न विचारता टिपून निघून जाणे मला पटत नाही.

मोठा कॅमेरा तू जरूर घे, थोडे पैसे मीही घालीन. पण तोपर्यंत हात थांबवू नकोस आणि ते दोन हजार फोटो पुसू नकोस. तुझ्या खोलीतला स्टोव्ह, सोबत राहणाऱ्या मित्राने पहिल्यांदा लाटलेली वाकडी पोळी, बंगळूरच्या पावसात अडकलेली तुझी बस, असले काय काय त्यात असेल ते मला पाहायचे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच झाले तर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर ते दाबून लहान होतात आणि छापायला उपयोगी पडत नाहीत. त्याहून बरे म्हणजे दिवाळीला येताना फोन तसाच भरलेला घेऊन ये. मी एक हार्ड डिस्क आणून ठेवली आहे. त्यात सगळे उतरवून घेऊ, त्यातले शंभरेक निवडून छापू आणि प्रत्येकामागे कोण, कुठे, केव्हा हे मी पेन्सिलीने लिहीन. तू सांगत जा. नवी ट्रंक माळ्यावर ठेवली आहे.

तुझ्या आईने यंदाच्या चटणीसाठी मिरच्या आणल्या आहेत. उद्या देठे काढायला बसेल. मी फोन चार्जिंगला लावून ठेवला आहे.

तुझे,
आप्पा