न तपासताच 'पिण्यास योग्य'

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला आर्सेनिकवरचा लेख वाचला. कापसावरच्या तणनाशकांमुळे हे विष गावच्या पाण्यात उतरते, असा त्याचा एकूण सूर. लेखकाचा अभ्यास मोठा असावा, पण लेख संपेपर्यंत आम्ही कापूसवालेच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे होतो. तेव्हा आधी एवढे सांगतो की ज्या तणनाशकात आर्सेनिक असते ते एमएसएमए, आणि ते मारतात अमेरिकेतल्या कापसावर. तिथल्या सरकारने 2009 मध्ये या कुळातली बाकीची तणनाशके बंद करायचे ठरवले, कापसापुरते हे एक राहू दिले. आमच्या धुऱ्यावर मारतात ते ग्लायफोसेट. त्याचे दोष आहेत, मी त्याची वकिली करत नाही. चहाचे मळे आणि पडीत जागा सोडून त्याला परवानगी नाही, 2022 मध्ये तर परवानाधारक फवारणीवाल्यांशिवाय कोणी वापरू नये असा आदेशही निघाला, आणि तरी ते तालुक्याला उधारीवर मिळते! पण त्याच्या रेणूत आर्सेनिक नाही. निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून शेतकरी ते मारतो, हौस म्हणून नाही.

खरा राग आला तो शेवटच्या ओळीचा. 'ग्रामस्थांनी आपल्या पाण्याची तपासणी करून घ्यावी.' वा! मागच्या उन्हाळ्यात मी नेमके हेच केले होते. माझ्या विहिरीजवळून नवा रस्ता गेला. त्याच्या भरावात औष्णिक केंद्राची राख टाकली आहे आणि पावसाळ्यात तो करडा गाळ थेट वावरात उतरतो. कोळशातले आर्सेनिक राखेत उरते आणि पाण्याबरोबर झिरपू शकते, हे वाचून माहीत होते. म्हणून नवी बाटली विहिरीच्याच पाण्याने विसळून, भरून, झाकणाला चिकटपट्टी लावून एसटीने प्रयोगशाळेत नेऊन दिली. अर्जात 'आर्सेनिकसाठी' असे ठळक लिहिले, खाली रेघही ओढली.

बऱ्याच दिवसांनी कागद हाती आला. गढूळपणा, कठीणपणा, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट, सगळ्यांसमोर आकडे. आर्सेनिकसमोर पेनाने ओढलेली आडवी रेघ. आणि खाली जांभळ्या शाईचा ठसठशीत शिक्का: पाणी पिण्यास योग्य.

खिडकीतल्या पोराला विचारले, ही रेघ कशाची? म्हणाला, "काका, आपल्या इकडे आर्सेनिक निघतच नाही."
"कधी पाहिलं होतं?"
"पाहाचं कायले, निघतच नाही ना."

आता या उत्तराला काय म्हणावे? पोरगा उर्मट नव्हता, पाणी पाजले त्याने मला. पण साहेब जेवायला गेले होते आणि परतीची एसटी चुकली असती तर मुक्कामच पडला असता. गावात बायांना पाणी तपासायची जी पेटी दिली आहे, तिच्यातही आर्सेनिकची सोय नाही. मग तपासणी 'करून घ्यावी' ती कुठे? पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमच्या वर आर्सेनिक नको, असे आपलेच मानक सांगते. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळून जात नाही, उलट पाणी आटले की प्रमाण वाढते. तळहात-तळपायाला खरखरीत गाठी येतात त्या वर्षानुवर्षे पाणी पिऊन झाल्यावर. आणि 'आपल्या इकडे' म्हणजे कुठवर? गडचिरोलीची सीमा ओलांडली की छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात कौडीकसा आहे. तिथल्या पाण्यात ते निघाले. तिथे ते खडकातून येते हे खरे, पण रस्त्याच्या भरावातली राख काही खडकातून आलेली नाही.

राखेबद्दल तुमच्या लेखात एक ओळ होती, मोजून एक. जुलै 2022 मध्ये नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राच्या खसाळा इथल्या राखेच्या तलावाचा बांध फुटला, राखेचे पाणी लोकांच्या वावरात शिरले. त्याला अर्धा परिच्छेद तरी द्यायचा होता. पण सोपे काय, तर शेतकऱ्याच्या पाठीवरच्या पंपाकडे बोट दाखवणे. 2017 मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता की मास्क का लावला नाही, हातमोजे का घातले नाहीत.

जाता जाता आणखी एक. ज्या पानावर हा लेख होता, त्याच पानावर खाली तणनाशकाची अर्धे पान जाहिरात होती. लेख वर, औषध खाली, हा योग जुळवून आणणाऱ्याचे कौतुक वाटते. त्या जाहिरातीतला शेतकरी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात, उघड्या हातांनी नळी धरून, अनवाणी, हसत फवारणी करतो आहे. जाहिरात विभागाला निदान एवढे कळवा की पुढच्या वेळी त्याला हातमोजे आणि बूट घालून उभा करा.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. राळेगाव, जि. यवतमाळ