पिस्तूल पडले की गोळी का सुटते?

मा. संपादक,

पिस्तूल पडून गोळी सुटल्याची बातमी आली की सारे खापर मोठ्या काडतुसावर फुटते. वास्तविक .४५ एसीपी या काडतुसाची २३० ग्रेनची (सुमारे १५ ग्रॅम) गोळी असो वा तिच्याहून कितीतरी वेगवान .४४ मॅग्नम काडतुसाची, प्रायमर (काडतुसाच्या बुडातला, दारू पेटवणारा भाग) पेटतो तो फायरिंग पिन या छोट्या दांडीच्या ठोक्यानेच.

कोल्ट कंपनीच्या मूळ ‘१९११’ मॉडेलच्या पिस्तुलात पिनला मागे धरते फक्त स्प्रिंग. पिस्तूल नळीच्या तोंडावर आपटले तर पिन स्वतःच्या वजनाने पुढे झेपावते. स्प्रिंग थकलेली असेल तर विचारायलाच नको. कोल्टने १९८३ मध्ये याच पिस्तुलाची सिरीज ८० ही आवृत्ती आणताना प्लंजर (पिनला अडवणारी छोटी खिट्टी) बसवला. ट्रिगर दाबेपर्यंत तो पिनला अडवतो. ट्रिगर हलका व्हावा म्हणून काही जण हे भागच काढतात. शुद्ध वेडेपणा!

तपासणी सोपी आहे. शस्त्र रिकामे करून स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) उतरवा, पिन मागून दाबा. प्लंजर न दाबता ती पुढच्या छिद्रातून डोकावता कामा नये. प्लंजर दाबल्यावर यावी आणि सोडताच मागे जावी. अडखळली, तर आत वंगण घट्ट झाले आहे. वर आणखी तेल ओतू नका, पिनची वाट साफ आणि कोरडी ठेवा.

ट्रान्सफर बार (ट्रिगर दाबल्यावरच हॅमरचा ठोका पिनपर्यंत पोचवणारी पट्टी) नसलेल्या जुन्या सहाबारी सिंगल ॲक्शन (दर वेळी हॅमर हाताने मागे ओढावा लागणाऱ्या) रिव्हॉल्वरमध्ये मात्र पाचच काडतुसे भरावीत आणि हॅमर रिकाम्या घरावर ठेवावा.

– एक वाचक