इतवारीच्या किराणावाल्या भाऊंचे जाहीर आभार

नागपूर

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

कोचीहून मालदीव, चागोस आणि मॉरिशसचं रॉड्रिग्स बेट असा शिडाच्या बोटीचा मार्ग ऐकल्यावर तुम्ही आधी विचारलंत, "शेवटचं दुकान कुठं आहे?" शिध्याचा सगळा हिशेब तिथूनच सुरू होतो. शेवटचं दुकान मालदीवच्या दक्षिण टोकाला, अड्डूत. पुढे चागोसच्या प्रवाळबेटांपाशी आगाऊ परवाना काढून नांगर टाकता येतो, पण विकत काही मिळत नाही. दक्षिण हिंदी महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून मे उजाडल्याशिवाय खाली उतरायचं नाही. मग आग्नेयेच्या वाऱ्यावर रॉड्रिग्सपर्यंत सुमारे 1,000 सागरी मैल. 5 नॉटच्या, म्हणजे ताशी 5 सागरी मैलांच्या वेगाने आठ-नऊ दिवस.

मुक्काम धरून चौघांचे 40 दिवस होत होते, तुम्ही ते दीडपट करून 60 केलेत. माणशी रोज 100 ग्रॅम तांदूळ आणि 60 ग्रॅम डाळ, म्हणजे 24 किलो तांदूळ आणि जवळपास साडेचौदा किलो डाळ. वारा पडला किंवा शीड फाटलं की या वाढीव शिध्यावरच निभावतं.

बांधणीबद्दल तर तुमचे विशेष आभार. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पन्हाळीत झुरळं अंडी घालतात आणि बोटीत शिरलेली झुरळं सहजी निघत नाहीत. हे कळताच तुम्ही एकही खोकं दिलं नाहीत, सगळा माल घट्ट झाकणाच्या डब्यांत भरलात. तूरडाळीला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळून ती कडक उन्हात वाळवलीत. बंद डब्याच्या मालावरची कागदी लेबलं सोलून झाकणांवर पक्क्या शाईने नावं लिहिलीत. दमटपणाने सुटलेली लेबलं बोटीच्या तळात उतरतात, त्यांचा लगदा तिथलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या तोंडाशी बसतो आणि उपसा थांबतो. पाणी चढत असताना पंप बंद पडणं म्हणजे जिवाशी गाठ.

पहिल्या तीन दिवसांची पिशवी वेगळी बांधलीत, तेही फार बरं झालं. बोट लागते तेव्हा खाली शेगडीपाशी कुणाला उभं राहवत नाही. सातूचं पीठ, गूळ, भाजके पोहे, मेतकूट: चूल न पेटवता पोटात जाईल असंच सगळं.

आणि मूग! अख्खे हिरवे मूग तीन किलो, ताज्या भाजीच्या जागी. आठ तास भिजवायचे, फडक्यात सैल बांधून टांगायचे, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं. भिजवलेलं पाणी आमटीत घालायचं, कारण बोटीवर गोड्या पाण्याचा थेंबही मोजून वापरतात. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळपास नसतं, ते मोड आल्यावर तयार होतं.

संत्र्यांना मात्र तुम्ही साफ नकार दिलात. नागपुरी संत्र्याची साल सैल, बोटीच्या हेलकाव्यात ती दबतात आणि एक सडलं की शेजारची सडतात. त्यांच्याऐवजी घट्ट सालीची लिंबं दिलीत, एकेक कागदात गुंडाळून. संत्र्याच्या गावात धंदा करून हे सांगायला मन मोठं लागतं.

मनापासून धन्यवाद, भाऊ. वहिनींना नमस्कार सांगा. भाजके पोहे त्यांच्या हातचे होते, हे पोरांनी पहिल्याच घासाला ओळखलं.

तुमचे कृतज्ञ,
बोटीवरचे चौघे