बल्ब बदलला की मागचं रबर परत बसवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईहून पिकअपमध्ये भाजीपाला घेऊन लातूरला जातो. पहाटे तीनला निघावं लागतं. परतीच्या पावसात डाव्या हेडलाइटच्या काचेला आतून वाफ धरू लागली. मी दुर्लक्ष केलं. आठ दिवसांत तळाला पाणी साचलं, वळणावर ते इकडून तिकडं हलताना दिसायचं. उजेड पांढुरका, नुसता पसरलेला. बर्दापूरच्या पुढं उसाची ट्रॉली होती, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. ब्रेक लागला तेव्हा उसाची टोकं बोनेटपासून हातभर लांब होती. शेजारी माझा मुलगा झोपला होता.

एका गॅरेजात सांगितलं, पूर्ण हेडलाइट बदला, चार हजार लागतील. दुसऱ्यानं मागचं बारीक भोक सील लावून बुजवलं. वाफ आणखी वाढली. वाढणारच. ते भोक कंपनीनंच ठेवलेलं असतं. दिवा तापला की आतली हवा तिथून बाहेर जाते, गार झाला की बाहेरची आत येते. म्हणून पावसाळ्यात थोडी वाफ धरतेच, दिवा लावल्यावर थोड्या वेळानं जाते. त्याचं काही नाही. थेंब टिकून राहिले, पाणी साचलं, तर मात्र कुठून तरी शिरतंय.

शेवटी मीच खोललं. दोन महिन्यांपूर्वी बल्ब बदलला तेव्हा होल्डरवरचं रबर परत बसवलंच नव्हतं! पाणी काढलं, बुजवलेलं भोक मोकळं केलं, मुलीच्या हेअर ड्रायरनं कोमट हवा दिली. जास्त गरम दिली तर प्लास्टिकची काच वाकते. आतला चकचकीत भाग पुसला नाही, फडक्यानं ओरखडे पडतात. हॅलोजन बल्बच्या काचेलाही बोट लावलं नाही, बोटाचा तेलकटपणा राहिला की बल्ब लवकर जातो. नवीन रबर शंभराच्या आत आलं. त्यानंतर काच कोरडी आहे.

आता कारखाने सुरू होतायत, रात्रभर ट्रॉल्या रस्त्यावर असतील. गॅरेजवाल्या भावांना हात जोडून सांगणं आहे, बल्ब बदलला की रबर बसवा, फाटलं असेल तर गिऱ्हाइकाला तसं सांगा. आणि गाडीवाल्यांनी बोनेट उघडं असतानाच मागं हात घालून ते चाचपून बघावं, मग पैसे द्यावेत.

आपला,
एक पिकअपचालक, अंबाजोगाई